‘हर घर जल’चा आकडा नेमकं काय मोजतो?

तुमचं मूळ गाव महाराष्ट्रात कुठेही असू दे, एक गोष्ट करून बघा. जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर जा आणि राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं एकेक निवडत आपल्या गावापर्यंत पोचा. तिथे दोन आकडे दिसतील: गावात घरं किती आणि त्यातल्या किती घरांना नळजोडणी आहे. दोन्ही सारखे असतील तर गाव शंभर टक्के. मग गावातल्या कुणाला तरी फोन लावा. घरात पाणी भरणाऱ्या बाईला लावलात तर उत्तम. विचारा, ‘‘आत्या, नळाला पाणी येतं का गं?’’ उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं बहुधा येणार नाही. ‘येतं, दिवसाआड’, ‘येतं, पण होळीपर्यंतच’, ‘मोटर जळलीय’, ‘येतं, पण प्यायला आम्ही विहिरीचंच आणतो’ अशा जातीचं येईल.

हा लेख त्या शंभर टक्क्यांमधल्या आणि आत्याच्या उत्तरामधल्या अंतराबद्दल आहे. आकडा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो जे मोजतो ते बहुतेक ठिकाणी बरोबर मोजतो. माझी तक्रार अशी की तो एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि वापरला जातो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

आधी श्रेय देऊ, कारण ते देण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला योजना जाहीर झाली तेव्हा देशातल्या फक्त ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता, म्हणजे साधारण १७ टक्के. आज तो आकडा १५ कोटींच्या पुढे आहे. महाराष्ट्रात तेव्हा सुमारे एक तृतीयांश ग्रामीण घरांत नळ होता, आता ८५ टक्क्यांच्या पुढे. शेजारच्या गोव्याने तर २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणित पहिलं राज्य हा मान मिळवला. एवढे पाइप एवढ्या कमी वर्षांत जमिनीखाली घालणं सोपं काम नाही. मूळ मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली. त्यातही मला गैर काही दिसत नाही, मोठ्या कामांचं असं होतंच.

अडचण व्याख्येपासून सुरू होते. योजनेच्या कागदपत्रांत शब्द आहे ‘कार्यरत घरगुती नळजोडणी’. कार्यरत म्हणजे काय, हेही तिथेच लिहिलंय: दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी, ते भारतीय मानक १०५०० मध्ये बसणारं आणि नियमित, दीर्घकाळ मिळणारं. व्याख्या चांगली आहे, खरं तर फारच चांगली आहे. पण रोज वाढत जाणारा जो आकडा आपण बातम्यांत बघतो तो जोडण्यांचा आहे. जोडणी ही एका दिवशी होणारी घटना आहे. प्लंबर येतो, तोटी बसते, आधार क्रमांक आणि फोटो नोंदला जातो, संपलं. ‘नियमित, दीर्घकाळ’ ही घटना नाही, ती प्रक्रिया आहे. घटना मोजणं स्वस्त असतं, प्रक्रिया मोजायला तुम्हाला पुन्हापुन्हा त्या दारात जावं लागतं. आकड्यांची बेरीज करताना व्याख्येतलं ‘कार्यरत’ हे विशेषण गळून पडतं आणि नुसता नळ उरतो.

सरकारने स्वतःच २०२२ मध्ये हे अंतर मोजलं होतं, आणि त्या अहवालाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. १३ हजारांहून जास्त गावांतल्या सुमारे ३ लाख घरांची पाहणी झाली. ८६ टक्के घरांत नळ चालू होता. पण पुरेसं, नियमित आणि शुद्ध ह्या तिन्ही कसोट्या एकाच वेळी पार करणारी घरं होती ६२ टक्के.

इथे जरा थांबू, कारण ह्यात थोडं गणित आहे आणि ते कळलं की असे सगळेच अहवाल वेगळे दिसायला लागतात. समजा एका जिल्ह्यात ८५ टक्के घरांना पुरेसं पाणी मिळतं, ८५ टक्के घरांना ते वेळापत्रकाप्रमाणे मिळतं आणि ८५ टक्के घरांचं पाणी तपासणीत पास होतं. पत्रकार परिषदेत तिन्ही वाक्यं सुटी सुटी वाचली तर जिल्हा छान चाललाय. पण ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तर तिन्ही एकत्र मिळणारी घरं होतात ०.८५ गुणिले ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. दहातली चार घरं कुठल्या ना कुठल्या कारणाने बाहेर. बरं, कारणं वेगवेगळी असल्यामुळे ही चार घरं एकत्र येऊन तक्रारही करत नाहीत. एकाला पाणी कमी, दुसऱ्याला अवेळी, तिसऱ्याच्या पाण्यात जंतू, आणि ते तर त्याला दिसतही नाहीत.

आता आत्याच्या ‘होळीपर्यंतच’ कडे येऊ, कारण महाराष्ट्राची गोष्ट इथेच वेगळी होते. आपल्या राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर उभा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखी ही जमीन पाणी साठवत नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या, ठिसूळ झालेल्या थरात, ज्याला विहीर खोदणारे मुरूम म्हणतात, आणि खालच्या कातळातल्या भेगांमध्ये. ही टाकी लहान. पावसाळ्यात ती भरून वाहते आणि रब्बीच्या उपशाने झपाट्याने रिकामी होते. गावाची योजना जर अशा विहिरीवर असेल तर ऑक्टोबरात नळ जोरात, मार्चमध्ये करंगळीएवढी धार आणि मेमध्ये फुसफुस हवा. गाव तेच, नळ तोच, आकडाही तोच. त्या तक्त्यात महिन्याचा रकानाच नाही.

आणि हे कुणाला माहीत नाही असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिला सगळे जीएसडीए म्हणतात, ती राज्यभरातल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. ऑक्टोबरमधल्या पातळीची मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून, पावसाची तूट बघून, उन्हाळ्यात कुठल्या तालुक्यांत टंचाई येईल ह्याचा अंदाजही वर्तवला जातो. म्हणजे कुठल्या भागातले नळ कधीच्या सुमाराला आटतील हे दिवाळीतच बऱ्यापैकी सांगता येतं! हा देशातल्या चांगल्या भूजल नोंदींपैकी एक साठा आहे असं मी बेधडक म्हणेन. नळांच्या आकड्याशेजारी ह्या विहिरींची पातळी ठेवली तर शंभर टक्के असलेली गावं दोन गटांत पडतील: पाणी असलेली आणि फक्त पाइप असलेली.

मी हे वर्सोव्यात बसून लिहितेय. आमच्या इमारतीत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, टाकीत चढतं आणि मग दिवसभर तोटी सोडली की पडतं. ह्यातलं बहुतेक पाणी येतं तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा ह्या धरणांमधून. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. ज्या शहापूर तालुक्यातून आणि आसपासच्या डोंगरांतून हे पाणी निघतं तिथल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतात. मुंबईच्या जलवाहिन्या ह्याच गावांच्या शेजारून येतात. ही विसंगती पत्रकारांनी इतक्यांदा लिहिलीय की आपल्याला तिची सवय झालीय. मला तिच्यातले आकडे जास्त बोलके वाटतात. सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरांसाठी नियोजनाचं मान दरडोई १३५ लिटर. जल जीवन मिशनमध्ये गावासाठी ५५ लिटर. आणि टंचाईत टँकर लागला की माणशी २० लिटर. एकाच धरणाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसांची तहान तीन वेगवेगळ्या मापांनी मोजली जाते.

त्यात मेख अशी की टँकर मागायलाही कागद लागतो. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, तो वर जायचा, तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी व्हायची, मग मंजुरी. पाहणीला येणाऱ्याच्या हातात आधीच एक आकडा असतो: शंभर टक्के नळजोडणी. त्याचा पहिला प्रश्न साहजिकच असणार, ‘‘तुमच्याकडे तर योजना आहे ना?’’ म्हणून हा आकडा निरुपद्रवी नाही. दिल्लीत तो फक्त तक्त्यात बसतो, पण एप्रिल-मेमध्ये तो गावाच्या विरोधात साक्ष देऊ शकतो.

मोजणीच्या ह्या दुखण्याला मोठा इतिहास आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान महाराष्ट्रात, जालना आणि सोलापुरात, लिहिलं गेलंय. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं म्हणून थोडं सविस्तर सांगते.

१९६०च्या दशकाच्या शेवटी, उत्तरेतल्या दुष्काळानंतर, युनिसेफने भारतात कातळ फोडणारी बोअरिंगची यंत्रं आणली. धडाधड बोअर मारले गेले, त्यांवर हातपंप बसले. बोअर किती, पंप किती, हेच मोजलं जात होतं. १९७०च्या दशकाच्या मध्यात कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद! कारण साधं होतं. ते पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बनवलेल्या बिडाच्या पंपांची नक्कल होते, एका कुटुंबाने दिवसातून थोडा वेळ वापरायचे. इथे एका पंपावर सगळं गाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत. बीड तडकायचं, खिळी झिजायची, आणि दुरुस्त करायला कुणी नाही.

उत्तर दिल्लीत सापडलं नाही. जालन्यात स्कॉटिश मिशनचे लोक मराठवाड्यातल्या कातळात विहिरी खोदत होते. त्यांनी बिडाऐवजी पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणारा, साखळीने दांडा ओढणारा पंप बनवला. सोलापुरात ऑस्कर कार्लसन नावाचा एक स्वीडिश कारागीर होता, त्याने तीच कल्पना आणखी पक्की केली. त्या सोलापूर पंपावरून पुढे युनिसेफ, मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी आणि तिथलीच एक यांत्रिक संशोधन संस्था ह्यांनी मिळून जो बनवला तो ‘इंडिया मार्क टू’. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक आलं. तुम्ही लहानपणी गावी जो हापसा हापसलात तो बहुधा हाच. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आजही हाच पंप आहे.

पण मला ह्या गोष्टीत पंपापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. चांगला पंप आला तरी तो बिघडतोच. म्हणून तीन थरांची रचना केली गेली: गावात एक पंप-राखणारा, तालुक्याला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडी आणि सामान असलेलं फिरतं पथक. म्हणजे वस्तूबरोबर ती चालू ठेवणाऱ्या माणसाचीही व्यवस्था. ही रचना सगळीकडे नीट चालली असं नाही. गाडीला डिझेल नाही, सुटे भाग नाहीत ह्या तक्रारी होत्याच. तरीही ‘बंद पंप किती’ हा प्रश्न तिने अधिकृत केला. ‘बसवलेले किती’ पासून ‘बंद किती’ पर्यंत यायला आपल्याला एक पिढी लागली होती. नळांच्या बाबतीत आपण तोच प्रवास पहिल्यापासून सुरू केलाय असं मला वाटतं.

हा फक्त आपलाच दोष आहे असंही नाही. जागतिक पातळीवर हेच झालं. सहस्रक विकास उद्दिष्टांच्या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा संयुक्त निरीक्षण कार्यक्रम ‘सुधारित स्रोत’ मोजायचा. हापसा, झाकलेली विहीर, नळ, काहीही चालेल. त्यातलं पाणी कसंय, कधी येतं, हा प्रश्नच नाही. त्या मापाने जगाने २०१० मध्येच, पाच वर्षं आधी, उद्दिष्ट गाठलं आणि २०१२ मध्ये तशी घोषणाही झाली. पुढे शाश्वत विकास उद्दिष्टं आली तेव्हा माप बदललं: पाणी घरी हवं, लागेल तेव्हा हवं, आणि त्यात विष्ठेतले जंतू किंवा घातक रसायनं नकोत. नवं माप लावल्याबरोबर पोचलेली माणसं एकदम कमी दिसायला लागली. पाणी तेच होतं, फक्त प्रश्न जास्त प्रामाणिक झाला होता.

ह्याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला खटकते ती सांगून टाकते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज मांडला की भारतात सगळ्या घरांना सुरक्षित पाणी मिळालं तर अतिसाराने होणारे सुमारे ४ लाख मृत्यू टळतील, आणि मुख्यतः बायकांचे दिवसाला ५.५ कोटी तास वाचतील. हा आकडा तुम्ही जाहिरातींत, भाषणांत पाहिला असेल. मूळ वाक्यात एक ‘तर’ आहे. ‘सुरक्षित’ हा शब्दही आहे, म्हणजे वर सांगितलेलं कडक माप. उद्धृत करताना ‘तर’ जातो, ‘सुरक्षित’च्या जागी ‘नळ’ येतो, आणि अंदाजाची कामगिरी होते. दिवसाआड अर्धा तास पाणी येत असेल तर घरातली बाई ते कळशीत, पिंपात साठवते, आणि साठवलेल्या पाण्यात हात, भांडी बुडून जंतू पुन्हा शिरतात. शिवाय पाइप रिकामा असताना त्यात दाब नसतो. फुटलेल्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि पुढच्या पाळीला पहिल्या धारेत तुमच्या घरी येतं. म्हणून अनियमित नळ हा थोडा कमी चांगला नळ नसतो. शुद्धतेच्या दृष्टीने तो वेगळाच प्राणी आहे.

शुद्धतेवरून आठवलं. महाराष्ट्राची स्वतःची एक चांगली पद्धत आहे आणि तिच्याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, पाइपला गळती आहे का, टीसीएल पावडर शिल्लक आहे का, असे प्रश्न. उत्तरांवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, आणि सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण इथे कार्ड परत जाऊ शकतं! ह्या वर्षी हिरवं असलेलं गाव पुढच्या वर्षी लाल होऊ शकतं. नळजोडणीच्या आकड्यात हीच सोय नाही.

तरी कार्डाकडे बघताना एक भान हवं. कार्ड धोका मोजतं, पाणी नाही. कठडा नीट, उकिरडा लांब, पावडर गोदामात, तर कार्ड हिरवं येऊ शकतं, आणि त्याच दिवशी नळाच्या पाण्यात क्लोरीन शून्य असू शकतं. पावडर आणून ठेवणं आणि ती रोज टाकीत पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीसीएल उघडं राहिलं, ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो, मग पोतंभर चुना टाकल्यासारखंच. पण शेवटच्या नळाला क्लोरीन पोचला की नाही हे बघणं अजिबात अवघड नाही. ओटी टेस्ट म्हणतात ती: परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे दोन थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे एका मिनिटात करतो. जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली असते, पाणी भरून ठेवायची, दूषित असेल तर काळी पडते. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली. स्वस्त, वीज नको, प्रयोगशाळा नको. साधनं आहेत, प्रशिक्षण घेतलेल्या बायका प्रत्येक गावात पाच-पाच आहेत. उणीव आहे ती ‘काळी पडली’ असं नोंदवल्यावर पुढे काय होतं, ह्याची. वाईट निकाल नोंदवणाऱ्यालाच जर खुलासा द्यावा लागत असेल तर बाटल्या फारशा काळ्या पडणार नाहीत. हे रसायनशास्त्र नाही, मानसशास्त्र आहे.

संडासांच्या बाबतीत आपण हे सगळं आधीच एकदा पाहिलंय. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, २ ऑक्टोबर २०१९ ला सगळा ग्रामीण भारत. मोजणीचा पाया होता २०१२ ची पायाभूत पाहणी. त्या यादीतल्या घरांना संडास झाला की गाव मुक्त. २०१२ नंतर वेगळे राहायला लागलेले भाऊ, नवीन घरं, यादीतून सुटलेली पालं, ह्यांना नंतर ‘वाढीव कुटुंबं’ म्हणून शोधावं लागलं. दरम्यान २०१८ च्या उत्तरार्धात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या ७१.३ टक्के घरांनी संडास असल्याचं सांगितलं, आणि त्याच काळात सरकारी नोंद ९० टक्क्यांच्या पुढे होती. सरकारचं म्हणणं होतं की अनुदान मिळालं का असं आधी विचारल्यावर लोक ‘नाही’ म्हणतात, म्हणून आकडा कमी आला. ह्यात तथ्य आहे, प्रश्नांचा क्रम उत्तर बदलतो. पण नंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही, जी २०१९ ते २१ मध्ये झाली, ग्रामीण भागातली सुमारे चौथा हिस्सा घरं कुठलाच संडास वापरत नव्हती. तिथे प्रश्न वेगळे, विचारणारे वेगळे.

आणि संडासाला पाणी लागतं हो! हा मुद्दा इतका साधा आहे की वेगवेगळ्या विभागांच्या तक्त्यांत तो हरवतो. माणशी २० लिटरच्या टँकरच्या गावात, डोक्यावरून आणलेल्या पाण्यातली एक बादली संडासात कोण ओतेल? तिथे मेमध्ये संडासात गोवऱ्या आणि सरपण असतं, आणि मग पाहणी करणारे ‘मानसिकता बदलायला हवी’ असं लिहून जातात. गुडमॉर्निंग पथकं आठवतात ना? पहाटे शिट्ट्या फुंकत टमरेलवाल्यांच्या मागे जाणारी. विहिरीची पातळी बघून मग पथक पाठवलं असतं तर निदान लोकांचा अपमान तरी टळला असता.

माझ्या ह्या टीकेवर नेहमी येणारं एक उत्तर आहे आणि ते मी हलकं घेत नाही. आधी पाइप टाकू दे, सेवा नंतर सुधारता येईल, पाइपच नसेल तर सुधारणार काय? बरोबर आहे. पण खर्च दोन वेगवेगळ्या खिशांतून होतो हे त्यात सुटतं. पाइप टाकायला केंद्र आणि राज्याचा पैसा. चालवायला ग्रामपंचायतीचा: विजेचं बिल, मोटर जळली तर रिवाइंडिंग, पंप चालवणाऱ्याचं मानधन, टीसीएल. ह्यासाठी पाणीपट्टी, आणि वित्त आयोगाच्या अनुदानातला पाणी-स्वच्छतेसाठी बांधून दिलेला हिस्सा. पाणी नीट येत नाही म्हणून लोक पाणीपट्टी भरत नाहीत, पट्टी नाही म्हणून बिल थकतं, बिल थकलं की वीज तुटते, वीज नाही म्हणून पाणी येत नाही. महाराष्ट्राने २००० पासून मागणीनुसार योजना, लोकवर्गणी, ग्राम पाणीपुरवठा समिती हे सगळं केलंय. जागतिक बँकेच्या मदतीचा जलस्वराज्य प्रकल्प त्याच विचाराचा. समिती स्थापन झाली की नाही हेही तेव्हा मोजलं गेलं. समितीची चौथ्या वर्षी बैठक झाली का, हे मोजायला मात्र तोवर प्रकल्पच उरत नाही.

सेन्सर लावा, हे दुसरं उत्तर. केनियात, क्युसो भागात, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यात मोबाइलसारखं यंत्र बसवलं होतं. पंप किती हापसला गेला हे ते एसएमएसने कळवायचं. दुरुस्तीला आधी सरासरी २७ दिवस लागायचे, ते तीन दिवसांच्या आत आले. हा प्रयोग परिषदांमध्ये सेन्सरची करामत म्हणून दाखवला जातो. नीट वाचलं तर दिसतं की संदेश आल्यावर निघणारा, पगार मिळणारा, सामान असलेला मेकॅनिक त्यांनी ठेवला होता. यंत्राने फक्त त्याला पत्ता सांगितला. म्हणजे फिरून जालन्याच्या पंपाबरोबर आलेली तालुका मेकॅनिकचीच कल्पना, खिशात फोन घेऊन.

मला स्वतःला विचाराल तर मी सध्याच्या तक्त्यात एकच रकाना वाढवेन, आणि त्यासाठी उपग्रह वगैरे काही नको. प्रत्येक गावासाठी, वस्तीच्या सगळ्यात शेवटच्या नळाला, एप्रिल आणि मे महिन्यांत किती दिवस पाणी आलं. शेवटच्या नळाला एवढ्यासाठी की टाकीजवळच्या घराला नेहमीच पाणी असतं, आणि सरपंचाचं घर टाकीपासून फार लांब असल्याचं क्वचितच ऐकिवात आहे. ही नोंद आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा पाणी तपासणाऱ्या त्या पाच जणींपैकी कुणीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर करू शकतं. दुधाचा हिशोब आपण असाच ठेवतो.

तुमचं गाव असेल, आणि तिथे कॅलेंडरवर खुणा करायला तयार असलेली आत्या, मावशी, वहिनी असेल, तर येत्या एप्रिल-मेच्या दोन पानांचा फोटो मला पाठवा. पाणी आलं त्या तारखेला गोल, क्लोरीनचा वास आला तर गोलात टिंब. तालुक्याचं नाव लिहा, गावाचं नको असेल तर नका लिहू. जीएसडीएच्या मार्च आणि मेच्या पातळीशेजारी ती पानं ठेवून काय दिसतं ते जूनमध्ये इथेच लिहीन.